उन्हाचं यंत्र

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनच्या सुमारास मी गच्चीवर गेले तेव्हा माझा कॅम्पिंगचा दिवा कुरडयांच्या रांगेत बसला होता. जुन्या नऊवारीवर कुरडयांची गोल गोल चक्रं मांडलेली, चार कोपऱ्यांना चार विटा, कावळ्यांसाठी काठीला बांधलेलं काळं फडकं, आणि शेवटच्या ओळीत, कुरडयांशी अंतर राखून, अगदी नीट मांडलेला तो. त्याच्या डोक्यावरचं काळं सौर पॅनेल आभाळाकडे तोंड करून होतं. मी उचलायला गेले आणि हात झटकन मागे घेतला. मग ओढणीच्या टोकाने धरून उलटा केला, तर तळाचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं. एका बाजूने शिवण उसवावी तसा प्लास्टिकचा जोड उघडला होता आणि आतून नेलपॉलिशसारखा गोडसर, उग्र वास येत होता.

सकाळी सात वाजता मी तो कठड्याच्या कोपऱ्यात ठेवला होता. तिथं दहापर्यंतच ऊन असतं, नंतर पाण्याच्या टाकीची सावली येते. ती जागा मी मुद्दाम शोधली होती. "आई, हा इथं कुणी ठेवला?" आई जिन्याच्या दारात पायरीवर बसली होती, डोक्यावर पदर, हातात कावळे हाकलायची काठी. म्हणाली, "मी ठेवला. तिथं सावली आलती की. उन्हाचं यंत्र हाय न्हवं ते? मग त्याला ऊन नको का द्यायला?"

आणि मी म्हणाले, "तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

ती काही बोलली नाही. उठली, वाकली आणि कुरडया उलटायला लागली. अर्धवट वाळलेली कुरडई साडीपासून सोडवताना जो बारीक टर्र आवाज येतो, तेवढाच येत राहिला. मी दिवा घेऊन खाली आले. सोळाशे पन्नास रुपयांचा दिवा. ते वाक्य मात्र वर्षभर माझ्याबरोबर फिरलं, भाजी निवडताना, बसमध्ये, कुणाचं तरी बोलणं ऐकत असताना मध्येच.

त्या दिव्याचं एक चरित्र होतं, म्हणून राग जास्त आला. दाबला की चपटा होणारा, उघडला की आकाशकंदिलाएवढा. आम्हा सहा-सात जणांचा एक कंपू आहे, वर्षातून तीन-चारदा तंबू घेऊन कुठंतरी जातो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर गेलो होतो तेव्हा दोन दिवस पाऊस थांबला नाही. तंबूच्या आतल्या बाजूलाही थेंब धरले होते, मोजे पिळून घालत होतो, काडेपेटीचा लगदा झाला होता. हा दिवा मात्र तंबूच्या कडीला लटकून शांतपणे जळत होता. एकदा चिखलात पडला, एकदा केदारेश्वराच्या गुहेतल्या त्या बर्फासारख्या पाण्यात निसटला आणि तरंगत परत आला. त्याच्या खोक्यावर हिमशिखरांचं चित्र होतं, लाल जॅकेट घातलेला माणूस, मागे वादळ, आणि ‘ऑल वेदर’ अशी ठळक अक्षरं. मी परतल्यावर सगळ्यांना सांगत सुटले होते, की घ्यायचा तर हाच घ्या. असा तो सह्याद्रीचा पाऊस पचवलेला दिवा सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या गच्चीवर एका दुपारीत मेला. उन्हावर जगणाऱ्या वस्तूला उन्हानेच मारलं.

मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. म्हणजे बॅटरीला काय सोसत नाही हे मला ठाऊक असायला हवं, आणि होतंही, म्हणून तर टाकीची सावली शोधली होती. पण ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मेलेल्या दिव्याचं खोकं माळ्यावरून काढलं. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘थेट सूर्यप्रकाशात चार्ज करा’ असं लिहिलेलं. तळाला, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात, चार्जिंगचं तापमान ० ते ४५ अंश. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण वाचता आलं असतं तरी तिनं मोठं अक्षरच वाचलं असतं, आणि मोठ्या अक्षरात लिहिल्याप्रमाणे ती बरोबरच वागली होती. हे लक्षात आल्यावर खरं तर खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी खोकं परत माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी एक उद्योग केला. कोरोनाच्या काळात आणलेली ती कपाळावर रोखायची तापमानाची बंदूक घरात पडून होती. ती घेऊन भर दुपारी गच्चीवर गेले आणि कुरडयांजवळच्या फरशीवर रोखली. पडद्यावर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. म्हणजे ‘हाय’. ही बंदूक बिचारी माणसाच्या तापासाठी बनवलेली, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे तिची मजल नाही. जिन्यावरच्या पत्र्यावर रोखली, हाय. टाकीच्या झाकणावर, हाय. "काय म्हणतंय?" आईने पायरीवरूनच विचारलं. म्हटलं, हाय म्हणतंय. "हाय? काय हाय?" ऊन, म्हटलं. "मग हाय की," ती म्हणाली आणि काठी आपटून कावळा हाकलला. कालच्या प्रकारानंतर आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं.

लॅबमधला थर्मामीटर नंतर आणला. हवेचं तापमान आपल्याकडच्या माणसाला सवयीचं, ४३. काळ्या प्लास्टिकच्या तुकड्याचं मात्र ६७. म्हणजे तो दिवा जवळजवळ पाच तास चुलीजवळच बसल्यासारखा होता, आणि वर पॅनेल त्याला मुकाट्याने वीज पाजत होतं. आतली बॅटरी चपट्या पाकिटातली. लिथियमची असली पाकिटं तापलेल्या अवस्थेत भरत राहिलं की आतला द्रव फुटून त्याचा वायू होतो, वायूला जायला जागा नसते, पाकीट फुगतं. गोल नळीतली बॅटरी असती तर फुगलेली दिसली नसती, आतल्या आत खंगली असती. मरणं दोन्हीकडं सारखंच.

मग नवा दिवा घ्यायचा ठरवलं, आणि ‘कठीण हवामान’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न पहिल्यांदा माझ्यासमोर आला. आपण सोलापूरचे लोक आपल्या उन्हाला हवामान मानतच नाही. पाऊस हे हवामान, थंडी हे हवामान, वादळ तर नक्कीच. ऊन म्हणजे आपल्या घरातलं माणूस. बाहेरगावचा पाहुणा मे महिन्यात आला आणि "बाप रे" म्हणाला की आपल्याला उगाच अभिमान वाटतो, जणू ते आपण तापवलंय. हिमशिखरावरच्या लाल जॅकेटवाल्याला मी सगळ्यात कठीण हवामानात जगणारा माणूस समजत होते, आणि स्वतः चार महिने भाजत होते.

नव्या पेठेतल्या एका दुकानात तासभर उभी राहिले. दुकानदार भला माणूस होता, एकेक खोकं उघडून दाखवत होता. प्रत्येकावर आयपी असं लिहून पुढे दोन आकडे. मी मनातल्या मनात उजळणी केली, पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ असला तर धूळ आत शिरत नाही. दुसरा ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पिचकारीसारखी धार चालेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. एका देखण्या दिव्यावर ‘आयपीएक्स ७’ होतं. त्या एक्सचा अर्थ धुळीची परीक्षा दिल्याचा दावाच नाही. कोकणात जाणाऱ्याला चालेल असला दिवा. आपल्याकडे फेब्रुवारी ते जून जी पांढरी, पिठासारखी धूळ उडते, ती कपाटातल्या घडी घातलेल्या साड्यांत जाते, तिला बटणाची फट म्हणजे दरवाजा. मी तो बाजूला ठेवला. आणि मग तिथंच उभ्या उभ्या जाणवलं, की या सगळ्या खोक्यांवर धुळीला आकडा आहे, पाण्याला आकडा आहे, उन्हाला आकडाच नाही.

"हे ऊनप्रूफ आहे का?" मी विचारलं.

"ताई, ऊनप्रूफ तर आपणसुद्धा नाही," तो म्हणाला. मग हसून दुसरं खोकं काढलं. त्याच्यावर बॅटरीची क्षमता ९९०० एमएएच छापली होती, आणि आत बोटाएवढी एकच नळी. त्या मापाच्या नळीत आजघडीला साडेतीन-चार हजारांपर्यंतच मावतं, कुणीही केली तरी. त्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "छापणाऱ्याचा हात कोण धरणार?" हे मला आवडलं. गड्ड्याच्या जत्रेत दीडशे रुपयांना मिळणाऱ्या दिव्यांचीही हीच गोष्ट, पण निदान तिथं कुणी हिमशिखराचं चित्र लावत नाही.

दिव्याचं गणित अगदी वाण्याच्या वहीसारखं असतं, जमा आणि खर्च. डोक्यावर एक वॅटचं पॅनेल असेल तर आपल्याकडच्या चांगल्या दिवसाला पाच तासांचं भरघोस ऊन धरून पाच वॅट-तास जमा. त्यात पॅनेल तापलं की घट, तारेत घट, बॅटरीत घालताना घट, हाती साडेतीन लागले तरी पुष्कळ. पॅनेलची ताकद मोजतात ती २५ अंशांवर. त्यापुढे प्रत्येक अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर उतरत जाते. मेच्या दुपारी पॅनेल ६५ वर गेलं की पाचवा-सहावा हिस्सा तिथंच गेला. आपल्याला वाटतं जितकं रखरखीत ऊन तितकी वीज जास्त. पॅनेलला मात्र हवं असतं संक्रांतीचं ऊन, स्वच्छ आणि गार. म्हणजे आपल्या उन्हाळ्याचा उपयोग कुरडयांनाच.

दिवा न घेताच घरी आले. आईने विचारलं, "मिळाला का?" नाही म्हटलं. "माझ्यामुळं तुझा खर्च," ती म्हणाली. मी काहीतरी पुटपुटले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रात्री लाइट गेली. एकदम सगळी पेठ काळी, शेजारच्या यंत्रमागांची खडखड थांबली की जी शांतता पडते ती कानाला दुखते. आई मेणबत्ती शोधत होती आणि मी नको ते बोलून गेले, की आपला जुना कंदील बरा होता, पन्नास वर्षं टिकला. तर ती उसळलीच. "त्या कंदिलाचं नाव काढू नको." मग अंधारात बसून तिनं मला कंदील ऐकवला. रोज संध्याकाळी राखुंडीने काच पुसायची, काच पुसताना बोट कापायचं. वात सरळ कापली नाही तर एका बाजूने काजळी धरायची. तापल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की तडकन गेली, मग सासूचं बोलणं. रॉकेलच्या रांगेत कडेवर मी, हातात डबा, आणि पोचेपर्यंत "संपलं" अशी पाटी. स्वयंपाकाला रॉकेलचा वास, केसांना रॉकेलचा वास. "टिकला म्हंजे काय, आम्ही टिकवला," ती म्हणाली. लाइट आली तेव्हा ती रागातच होती. मला आठवत होता तो कंदील वेगळा. मऊ पिवळा उजेड, भिंतीवर वडिलांच्या हातांचा ससा, मिलच्या भोंग्याआधीची पहाट. दोन्ही कंदील एकच होते, फक्त मी त्याच्या उजेडात बसत होते आणि ती त्याची काच पुसत होती.

आषाढात वारीचा एक टप्पा चालायला गेले, वेळापूर ते भंडीशेगाव. दरवर्षी जमत नाही, जमतं तेव्हा जाते. माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरली की इकडच्या माणसांना घरच्या लग्नासारखी घाई सुटते. भंडीशेगावला संध्याकाळी तंबूंचं गावच उठलेलं असतं. ओल्या धोतरांच्या दोऱ्या, पिठल्याचा वास, चिखलात रुतलेले ट्रक, आणि जनरेटरची धडधड. एका छोट्या दिंडीकडे जनरेटर नव्हता. त्यांच्या ट्रकच्या टपावर सुतळीने बांधलेलं पॅनेल होतं, ट्रंकेच्या झाकणाएवढं, त्यातून निघालेली वायर तंबूच्या फटीतून आत गेलेली, आणि आत बांबूला लटकलेला एक दिवा. दिव्यावरचं कंपनीचं नाव घासून घासून पुसून गेलं होतं. मी पाहत उभी राहिले तेव्हा आतल्या आजोबांनी हाक मारली, "या माउली, चहा घ्या." किती वर्षं झाली याला, विचारलं. सात वाऱ्या. बॅटरी दोनदा बदलली, बटण एकदा, काचेला हा चिकटपट्टीचा तुकडा. म्हणजे दिवा टिकला की दिव्याची जागा टिकली, हे सांगणं अवघड. दिवसभर ऊन असलं तर कुठं ठेवता, असं विचारल्यावर त्यांनी मला लहान मूल समजून सांगितलं, "पॅनेल टपावर, दिवा आत. डोकं उन्हात, पोट सावलीत."

"आणि ढग असले की?"

"मग लवकर झोपायचं, माउली. पहाटे उठायचंच असतं."

परतताना मला स्वतःची गंमत वाटली. महिनाभर इंग्रजी तक्ते वाचून जे सापडलं नव्हतं ते चहाच्या कपाबरोबर मिळालं. पॅनेल आणि बॅटरी एकाच अंगात कोंबलेला दिवा दिसायला सुबक, खिशात मावणारा, पण त्याची अडचण मुळातच आहे. त्याला ऊन द्यायचं तर बॅटरीलाही उन्हात बसावं लागतं. दिवाळीपूर्वी जो दिवा मी घेतला त्याचं पॅनेल वेगळं आहे, तीन वॅटचं, तीन मीटर वायरीचं. दिवा जड आहे, दिसायला अडाणी, डब्यासारखा. मागे चार स्क्रू आहेत, ते काढले की बॅटरी हातात येते, हे मी दुकानातच स्क्रू ड्रायव्हर मागून बघितलं. फेव्हिकॉल लावून कायमचे बंद केलेले दिवे आता मी उचलतही नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. नेहमीच्या लिथियमपेक्षा तेवढ्याच वजनात साठवते कमी, पण उष्णतेत डोकं शांत ठेवते आणि दोनेक हजार वेळा भरून रिकामी करता येते, जिथं नेहमीची पाचशेच्या आसपास दमते. आणि भिंतीतल्या पिनवरही चार्ज होते, कारण आषाढातल्या ढगांवर विश्वास ठेवायला मी वारकरी नाही.

जानेवारीत मंगळवेढ्याकडे हुरड्याला गेलो. मालदांडीचं रान, काळी भुई, रात्री अंगात हुडहुडी भरवणारी थंडी. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळायची, फुंकर मारायची, गरम दाणे शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायचे, मध्येच गूळ, मध्येच दही, आणि बोटं काळी ती काळीच. ज्वारीची कूस मानेवर, कानामागे, झोपायच्या पिशवीत. त्या दोन दिवसांत पॅनेलवर एवढी बारीक धूळ बसली की मी लॅबमधलं मीटर काढून पुसण्याआधी आणि पुसल्यावर मोजलं. दहावा भाग तरी धुळीने खाल्ला होता. (कोरड्या फडक्याने घासायचं नाही, ओरखडे पडतात. सकाळी पॅनेल गार असताना पाणी ओतायचं. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी ऐकत नाही.) आमच्यातल्या एकाने नवाकोरा पांढराशुभ्र दिवा आणला होता, दवाखान्यातल्यासारखा उजेड, हजार ल्युमेन म्हणे. तो लावला आणि आगटीभोवतीची माणसं एकदम पासपोर्टच्या फोटोसारखी दिसायला लागली, गप्पाच थांबल्या. "बंद कर रे ते," तिघे एकदम ओरडले. तंबूत शंभर ल्युमेन पुष्कळ होतात. बांधापलीकडे जाऊन यायला तर त्याहून कमी. माझा पिवळा होता, त्याच्याकडे किडेही कमी येतात, निळसर पांढऱ्यावर ते तुटून पडतात. थंडीत हे कळत नाही. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे निघाले की ताटात काय वाढलंय ते दिसेनासं होतं, तेव्हा कळतं.

एप्रिलमध्ये वळिवाने खरी परीक्षा घेतली. नान्नजच्या अलीकडे एका मैत्रिणीच्या शेतात मुक्काम होता. तो भाग मला लहानपणापासून ओढ लावतो. माळ, माळ आणि माळ, मध्येच बाभूळ. याच गवतासाठी १९७९ मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं, आणि ज्याच्यासाठी झालं तो पक्षी आता दिसला तर बातमी होते. राजस्थान-गुजरातकडे उरलेले माळढोक विजेच्या उघड्या तारांना धडकून मरतात, आणि त्यातल्या कितीतरी तारा आता सौर आणि पवनविजेच्याच आहेत, हे वाचल्यापासून ‘उन्हाची वीज, निर्मळ वीज’ असं मी पूर्वीसारखं मोठ्याने म्हणत नाही. तर त्या रात्री आठच्या सुमारास पश्चिमेकडून आधी वास आला. मग वारा. तंबू पोटात गुद्दा बसावा तसा आत आला, एक काठी वाकली, कुणाची चप्पल उडाली ती सकाळी बांधावर सापडली. मागोमाग गारा, लिंबोळीपासून सुपारीपर्यंत सगळ्या मापांच्या. आम्ही शेडकडे धावलो. पॅनेल बाहेरच राहिलं, मातीत पालथं. मी मनातून ते सोडून दिलं होतं. पत्र्यावर गारांचा एवढा आवाज होता की बोलणं शक्य नव्हतं, दिवा शेडच्या आढ्याला टांगला होता आणि त्याच्या पिवळ्या उजेडात आम्ही सात जण एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो, का ते माहीत नाही.

सकाळी पॅनेल चिखलातून काढलं, धुतलं, ओरखडासुद्धा नाही. आणि तरी चार्ज होईना. वायरीच्या टोकाला, जिथं ती दिव्यात खोचायची, त्या पिनेत पाणी गेलं होतं. खोक्यावरचा आयपी दिव्याचा असतो, वायरीच्या टोकाचा कुणी छापत नाही. पिन उन्हात वाळवली, दुपारी सुरू झाली. तेव्हापासून सायकलच्या ट्यूबचा वितभर तुकडा त्या पिनेवर चढवून ठेवते.

आणि यंदाचा मे. पुन्हा गहू भिजले, तिसऱ्या दिवशी चीक निघाला, पहाटे पाचला पातेल्यात लाकडी काठीने घाटणं, सोऱ्याची कुरकुर. येत्या शनिवारी कंपू नळदुर्गकडे जायचं म्हणत होता म्हणून दिवा भरायला हवा होता. मी कॉलेजला जायच्या घाईत होते. गच्चीवर ठेवतेस का, असं मीच आईला म्हणाले, आणि कसा ठेवायचा ते सांगायला तोंड उघडलं तर तिनं हातानेच थांबवलं. "ठाऊक हाय मला." वर्षभरात मी त्या प्रकाराबद्दल एकदाही काही बोलले नव्हते. तीही नाही, त्या एका ‘माझ्यामुळं तुझा खर्च’खेरीज.

दुपारी लवकर सुटले. गच्चीवर गेले तेव्हा पॅनेल कुरडयांच्या रांगेत, त्याच जागी, आभाळाकडे तोंड करून. वायर साडीच्या काठाकाठाने, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून विटांखालून, जिन्याच्या आत नेलेली. आत पायरीच्या खाली वेताची पाटी पालथी घातलेली, तिच्यावर पिळलेलं ओलं फडकं, आणि पाटीखाली दिवा. फडक्याचं पाणी पिनेवर ठिबकू नये म्हणून पिन पाटीच्या बाहेर, तिच्याभोवती दुधाच्या पिशवीचा तुकडा रबराने बांधलेला. मी खाली जाऊन ती बंदूक घेऊन आले. पाटी उचलून दिव्यावर रोखली. ३४.

"बघ की, निवांत निजलंय," आई म्हणाली. ती दारातल्या पायरीवरच होती, डोक्यावर पदर, हातात काठी. सूर्य सरकत आला होता, अर्धी पायरी उन्हात आणि त्या अर्ध्या पायरीवर ती. "किती वाजल्यापासून बसलीयस?" "धा वाजल्यापासनं. कावळा बसू देतोय व्हय." ती हसली. मग म्हणाली, "मला पण लाव की ते. कपाळाला."

मी गंमत म्हणून रोखली. बंदूक टिंकन वाजली. पदराच्या खाली घामाचे थेंब नव्हते, कपाळ कोरडं आणि तांबूस होतं. मी पडद्याकडे बघितलं, पुसून पुन्हा रोखली. आकडा आला नाही.

"काय म्हणतंय?"

"हाय म्हणतंय," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. काठी तिच्या हातातून घेतली आणि दंडाला धरून तिला उठवायला लागले.

"मग हाय की अजून," ती म्हणाली, "ओढतीस कशाला? तेवढी शेवटची ओळ उलटून येते."